मुलांना मुंबई दाखवताना

दिवाळीची सुटी लागली, की मुंबईकराच्या घरी दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे नातेवाइकांचा फराळ, आणि दुसरी म्हणजे तो घेऊन येणारे नातेवाईक! आमचे बिऱ्हाड दादरला, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांच्या वाटेवर. पाहुण्यांच्या दृष्टीने याहून सोयीची जागा कुठली? दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्या आमच्या संसारात आजवर सोलापूर, सांगली, अमरावती, बेळगाव अशा किती गावांची मुले झोपून गेली, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. मात्र त्यांना मुंबई दाखवण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच आले. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो, असे मला वाटते.

पाहुणे आले, की चहाच्या आधी खिशातून यादी बाहेर पडते. आमच्या सांगलीच्या जावईबापूंच्या यादीत एकाच दिवसात गेट वे, घारापुरी, म्युझियम, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, हाजी अली आणि जुहू एवढी ठिकाणे होती. शेवटी 'वेळ उरल्यास सिद्धिविनायक' असेही लिहिले होते! बरोबर तीन मुले : थोरला तेरा वर्षांचा, मधली नऊ वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा. मी यादी वाचली, घडी केली आणि डब्याखाली ठेवून दिली.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. चार दिवसांची रजा मिळवायची, वर्षभर थोडेथोडे पैसे बाजूला टाकायचे, आणि मग मुंबईला यायचे. मध्यमवर्गीय कुटुंबाला अशी सहल दरवर्षी परवडत नाही. ती फसली तर पैसे गेल्याचे वाईट वाटतेच. पण त्याहून वाईट म्हणजे मुलांच्या मनात मुंबई म्हणजे घाम, रांग, आणि बाबांचा चढलेला आवाज एवढेच उरते. आईच्या मनात तर तेही उरत नाही. तिने सबंध मुंबई धाकट्याला कडेवर घेऊन, पाण्याच्या बाटल्या सांभाळत, 'शू लागली का?' विचारत पाहिलेली असते.

म्हणून माझा पहिला नियम असा : दिवसाला एक मोठे ठिकाण आणि एक मोकळे ठिकाण. सकाळी उन्हाच्या आत मोठे, संध्याकाळी वाऱ्यावर मोकळे. आणि मध्ये दुपारी पोटभर जेवण आणि तासभर पाठ टेकणे. घरी परतणे लांब पडत असेल, तर दुपार छपराखाली घालवावी. एवढे पाळले, तर तीन दिवसांत मुले पुष्कळ काही पाहतात, आणि मुख्य म्हणजे पाहिलेले त्यांच्या लक्षात राहते.

सुरुवात स्टेशनापासून

गावाहून येणारी मंडळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतात, बोचकी मोजतात आणि मान खाली घालून टॅक्सीकडे धावतात. ज्या इमारतीतून आपण धावतो आहोत, ती पाहायला जगभरचे लोक येतात, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सामान घरी टाकून दुसऱ्या दिवशी मुलांना मुद्दाम परत तिथे न्यावे. महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभे राहावे आणि मुलांना एकच काम द्यावे : प्राणी मोजा!

दगडात कोरलेले मोर, माकडे, खारी, घुबडे अशी मंडळी त्या भिंतींवर ठिकठिकाणी बसलेली आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. सर्वांत वर घुमटावर एक स्त्री उभी आहे. तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. ती म्हणजे 'प्रगती'. फ्रेडरिक स्टीव्हन्स या स्थापत्यकाराने ही इमारत उभारायला घेतली १८७८ साली, आणि ती पुरी व्हायला दहा वर्षे लागली. आमच्या थोरल्याने तेवीस प्राणी मोजले, मधलीने एकोणतीस. दोघांचे त्यावरून जे भांडण जुंपले, ते घरी येईपर्यंत चालू होते. पण त्या भांडणात दोघांनी ती इमारत जेवढी पाहिली, तेवढी मी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती.

तिथेच त्यांना पहिल्या गाडीची गोष्ट सांगावी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली उतारूंची आगगाडी निघाली. डबे चौदा, पाहुणे चारशे, आणि ओढायला इंजिने तीन. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर ३४ किलोमीटर. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच स्टेशनातून कुर्ल्याला विजेवर चालणारी पहिली गाडी गेली. म्हणजे आपण ज्या लोकलमध्ये घुसण्यासाठी कोपरे मारतो, तिला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत.

स्टेशनाबाहेर दुमजली बस मिळाली, तर सोडू नये. मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली. डिझेलवर चालणारी शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी तिला हार घालून निरोप दिला. आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूल दुमजली गाड्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या बाकावर बसून फोर्टातून जाणे यापरते सुख पाच वर्षांच्या मुलाला दुसरे नाही, आणि खरे सांगायचे तर पासष्टीच्या बाईलाही नाही.

गाडीत चढण्याआधीचा धडा

मुंबईची लोकल ही मुलांच्या दृष्टीने मोठी गंमत आणि आईच्या दृष्टीने मोठी धास्ती. सकाळी आठ ते अकरा शहराकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते आठ शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांत मुलांना घेऊन चढूच नये. बाकीच्या वेळी जरूर जावे. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे. पण घर सोडण्यापूर्वी मुलांकडून एक धडा पाठ करून घ्यावा. आमच्या घरी तो दारातच म्हणवून घेतला जातो :

'चुकलो तर हलायचे नाही. गाडी पुढे गेली तर उडी मारायची नाही. गाडी थांबेल त्या पहिल्या स्टेशनवर उतरायचे, बाकावर बसायचे. मागच्या गाडीने आपली माणसे येतात.'

हा धडा कामाला आला तो दिवस मी विसरणार नाही. जावईबापू कामासाठी फोर्टात गेले होते. भाची, मी आणि मुले राणीच्या बागेला निघालो होतो. दादरच्या फलाटावर धीमी गाडी आली. बायकांच्या डब्यातून उतरणाऱ्यांचा लोंढा बाहेर आला आणि चढणाऱ्यांचा आत घुसला. मधली सर्वांत पुढे होती. ती त्या लोंढ्याबरोबर उचलली गेल्यासारखी आत गेली. मागून दुसरा लोंढा आला, आम्ही बाजूला फेकलो गेलो, आणि गाडी सुटली. डब्याच्या दारात चार-पाच बायकांच्या मधून तिचा लाल रिबिनीचा शेपटा क्षणभर दिसला, आणि मग नुसती गाडीची पाठ.

भाचीच्या तोंडून शब्द फुटेना. धाकटा रडू लागला. थोरला गाडीमागे धावायला निघाला, त्याला मी दंडाला धरून ठेवले. "मावशी, ती उडी तर मारणार नाही ना?" एवढेच भाची पुन्हा पुन्हा विचारत होती. मी म्हटले, "नाही मारणार. तिनं धडा म्हटलाय. परळला उतरेल." माझा आवाज शांत होता, पाय मात्र कापत होते. दुसरी धीमी गाडी यायला चार मिनिटे लागली. त्या चार मिनिटांत मी फलाटावरच्या घड्याळाकडे जेवढे पाहिले, तेवढे आयुष्यात कुठल्याच घड्याळाकडे पाहिले नसेल.

परळच्या फलाटावर उतरलो. बाकावर आमची मधली बसली होती. शेजारी एक बाई होती. डब्यातून टिकल्या, पिना, रबरबँड विकत फिरतात ना, त्यांतली. विकायच्या मालाचा पत्रा मांडीवर ठेवून ती पोरीला टिकल्यांचे रंग दाखवत होती. पोरगी रडवेली झाली होती, पण रडली नव्हती. आम्हाला पाहताच म्हणाली, "आजी, मी एकच स्टेशन गेले. मोजलं मी." मग मात्र आईच्या कुशीत शिरून तिने जो हंबरडा फोडला, तो साऱ्या फलाटाने ऐकला.

ती बाई म्हणाली, "गाडीतच सांगितलं तिनं, मला पुढच्याला उतरायचंय, आई मागून येणार हाय. म्हटलं, एकलीला कशी सोडू?" तिने दोन गाड्या, म्हणजे दोन गाड्यांतले गिऱ्हाईक, सोडून दिले होते. भाचीने पैसे पुढे केले, तर ती घेईना. शेवटी आम्ही तिच्याकडून टिकल्यांची चार पाकिटे आणि डझनभर पिना विकत घेतल्या; तेवढे पैसे तिने मोजून घेतले आणि उरलेली मोड परत दिली. मुलांना मुंबई दाखवायची म्हणजे काय दाखवायचे, या प्रश्नाचे एक उत्तर मला त्या बाकावर मिळाले.

तेव्हा वाचकहो, मुलांच्या खिशात नाव आणि आई-वडिलांचा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. रेल्वेच्या मदतीचा नंबर १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ स्वतःच्याही लक्षात ठेवा. आणि धडा पाठ करून घ्या. त्या दिवशी आम्ही परत फिरलो नाही, हेही सांगते. मधलीच म्हणाली, "आता राणीच्या बागेत जायचंच." तशी गेलो.

एका हत्तीचा प्रवास

राणीचा बाग आणि घारापुरी ही दोन ठिकाणे लोक वेगवेगळी पाहतात. मी त्यांची एक गोष्ट करते, आणि त्या गोष्टीचा नायक एक दगडी हत्ती आहे.

घारापुरीला जाण्यासाठी गेट वेवरून लाँच मिळते. प्रवास सुमारे तासाभराचा. लाँच सुटण्यापूर्वी मुलांना गेट वेची कमान दाखवावी. १९११ साली इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज येथे उतरला, त्याची ही आठवण. कमान मात्र पुरी झाली १९२४ साली. म्हणजे राजा आला तेव्हा दरवाजा नव्हताच! आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बाहेर पडून बोटीत बसली. ज्याच्या येण्यासाठी बांधला, त्याच्या जाण्यासाठी उपयोगी पडला, असा हा दरवाजा. थोरल्याला ही गोष्ट इतकी आवडली, की शाळेच्या निबंधात त्याने ती लिहिली.

लाँचमध्ये बसल्यावर गळ्यात लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय मुलांना कठड्याशी जाऊ देऊ नये, आणि ते मुलांच्या मापाचे मागून घ्यावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर एक वेगवान बोट प्रवाशांच्या बोटीवर आदळून प्राणहानी झाली. भिऊन घरी बसावे असे मी म्हणणार नाही. पण 'उकडते' म्हणून जॅकेट काढून ठेवणाऱ्याला मी जागेवरून उठवते, मग तो जावई का असेना!

बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. मग सुमारे सव्वाशे पायऱ्या. हातात खाऊ धरून चढू नये, माकडे तो घेतातच. लेण्यात शिरल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा : "हे बांधायला किती दगड लागले असतील?" मुले अंदाज करू लागतात. लाख? दोन लाख? मग सांगावे, की एकही नाही. इथे काही बांधलेलेच नाही. डोंगरातून नको तेवढे काढून टाकले आहे. खांबसुद्धा आणून उभे केलेले नाहीत. भोवतालचा दगड काढला म्हणून ते उरले. हे ऐकल्यावर मुले खांबाला हात लावून पाहतात आणि गप्प होतात. समोर वीस फुटांच्या आसपास उंचीची ती तीन मुखांची मूर्ती. सुमारे चौदाशे-पंधराशे वर्षे ती त्या अंधारात शांतपणे डोळे मिटून आहे. तिथे व्याख्यान देऊ नये. पाच मिनिटे बसावे.

ज्या बेटावर दीड हजार वर्षांपूर्वी एवढे वैभव होते, त्या बेटावरच्या गावांत वीज पोचली ती २०१८ साली, समुद्राच्या तळाशी केबल टाकून. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना तिथली मुले इतकी वर्षे रात्री कशी अभ्यास करीत असतील, हा प्रश्न आपल्या मुलांपुढे ठेवायला हरकत नाही.

आता हत्ती. पोर्तुगीज लोक या बेटावर आले, तेव्हा त्यांना किनाऱ्याजवळ एक प्रचंड दगडी हत्ती दिसला. म्हणून त्यांनी बेटाचे नाव 'एलेफंटा' ठेवले. पुढे हत्ती ढासळला. १८६४ साली तो विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला. पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. तो हत्ती आजही भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आदल्या दिवशी घारापुरी पाहिलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी तो दाखवला, की ती ओळखीचा माणूस भेटल्यासारखी धावत सुटतात. धाकट्याने तर त्याला विचारले, "तुला घरी जायचंय का?"

राणीच्या बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बाग १८६२ सालची. पन्नास एकरांहून मोठी आणि जुन्या, दुर्मिळ झाडांनी भरलेली. गोरखचिंचेचा तो प्रचंड बुंधा तीन मुलांच्या कवेत मावत नाही. मावतो का ते करून पाहावे. अलीकडची गंमत म्हणजे पेंग्विन. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले, आणि २०१७ च्या मार्चपासून ते लोकांना पाहायला मिळू लागले. मुलांना वाटते, पेंग्विन म्हणजे बर्फातलाच पक्षी. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावरचे. बर्फावर ते राहतच नाहीत. मात्र त्या किनाऱ्याला थंड पाण्याचा प्रवाह लागून वाहतो, म्हणून त्यांना इथे गारव्यात ठेवावे लागते. एवढे सांगितले, तर काचेपुढची दहा मिनिटे भूगोलाच्या तासाइतकी मोलाची होतात.

तिथी पाहून समुद्रावर

समुद्र पाहणे म्हणजे चौपाटीवर भेळ खाणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. भेळ खावीच, पण समुद्रावर जायचे ते वेळ पाहून जावे. कोकणातल्या आमच्या आजीने शिकवलेला हिशेब सांगते. आजच्या तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे; जो आकडा येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब अंदाजाचा. नक्की वेळ मोबाइलवर पाहून घ्यावी. पण मुलांना कॅलेंडर घेऊन हे गणित करायला लावावे, आणि ते बरोबर आले की नाही हे समुद्रावर जाऊन तपासावे. एवढे मोठे उत्तर दुसऱ्या कुठल्या गणिताचे येत नाही.

दिवाळीत तर हे गणित फारच सोयीचे पडते. धनत्रयोदशीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत ओहोटी दुपारी चार ते साडेपाचच्या सुमारास येते, आणि अमावस्येच्या आसपास पाणी पुष्कळ आत जाते. अशा वेळी वांद्र्याच्या कार्टर रोडसारख्या खडकाळ किनाऱ्यावर जावे. खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात एक वेगळीच मुंबई नांदत असते. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा खेकडा, बोट जवळ नेले की मिटणारे समुद्रफूल, खडकाला चिकटलेली कालवे. तो शंखातला खेकडा वाढला, की त्याला मोठा शंख शोधावा लागतो, हे मी सांगितले, तेव्हा मधली आमच्या दोन खोल्यांकडे मनातल्या मनात बघत म्हणाली, "म्हणजे आजी, मुंबईत त्यालाही जागेची अडचणच!"

नियम तीनच. पायांत घट्ट बूट. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवायचा. आणि पाणी चढू लागले की खेळ मोडून परतायचे. पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नये, आणि चौपाटीवर मुलांना पोहायला तर कधीच सोडू नये. लाट लहान दिसते, पण ती माघारी फिरताना पायाखालची वाळू नेते.

दुपारची छपरे

दुपारसाठी मुंबईत चांगली छपरे पुष्कळ आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सबंध पाहायला गेलात, तर मुले पहिल्या तासात जमिनीवर बसतील. तिथे तीनच गोष्टी ठरवून पाहाव्यात : सम्राट अकबराचे पोलादी चिलखत आणि ढाल, प्राणी-पक्ष्यांचे दालन, आणि २०१९ साली उघडलेले मुलांचे संग्रहालय. बाकीचे पुढच्या खेपेला.

वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून लोकांसाठी खुले आहे. 'हात लावू नका' अशी पाटी जिथे नाही, असे हे संग्रहालय. उलट, हात लावल्याशिवाय तिथे काही कळतच नाही. आता भुयारी मेट्रोचे 'सायन्स सेंटर' नावाचे स्टेशनच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मेट्रो कफ परेडपर्यंत पुरी झाली. आरेपासून सुमारे साडेतेहेतीस किलोमीटर. दादरहून जमिनीखालून जायचे आणि सरकत्या जिन्याने वर यायचे, हीच मुलांना अर्धी सहल वाटते. वरळीलाच १९७७ साली सुरू झालेले नेहरू तारांगण आहे.

गावदेवीच्या मणिभवनाला मात्र अर्धा तास तरी द्यावा. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले, की तिथे उतरत. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्या मांडून दाखवले आहेत. मुले काचेला नाक लावून पाहत राहतात. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

तिथून मलबार हिल जवळच. कमला नेहरू पार्कातला 'म्हातारीचा बूट' १९५२ सालचा. त्यात चढून बाहेर डोकावलेल्या मुलांची आता मुले आणि नातवंडे त्यात चढतात. समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये मुलांना सांगावे, की आपण बागेत नाही, पाण्याच्या टाकीवर उभे आहोत. खाली शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे, आणि बाग त्याच्या छपरावर. मार्च २०२५ मध्ये त्याच डोंगरउतारावर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी लाकडी वाट झाली आहे. तिचे तिकीट आगाऊ काढून ठेवावे, म्हणजे फेरी फुकट जात नाही.

वारांचेही भान ठेवावे. सोमवारी घारापुरीची लेणी, तारांगण आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बंद. बुधवारी राणीचा बाग बंद. चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचे. तुमच्या-माझ्या पिढीने तिथेच मासे पाहिले. पण आता ते बंद आहे. तेव्हा जुन्या आठवणींच्या भरवशावर निघू नये. आधी विचारून घ्यावे.

खिसा, पोट आणि आईची रजा

खर्चाचे म्हणाल, तर स्टेशनची इमारत, गेट वे, मरीन ड्राइव्ह, चौपाटी, मणिभवन यांना दमडी लागत नाही. ज्या ठिकाणी सबंध दिवसाचे तिकीट हजारांच्या घरात जाते, तिथे नेऊच नये असे मी म्हणत नाही. पण तसे झोपाळे आणि घसरगुंड्या आता इतर शहरांतही आहेत. घारापुरीची मूर्ती आणि बोरीबंदरचा सिंह मात्र इथेच. मुलांना रोज खर्चायला थोडे पैसे द्यावेत आणि हिशेब त्यांनीच लिहावा. फुग्याचा हट्ट त्याने निम्मा होतो.

खाण्याच्या बाबतीत घरून डबा न्यावा तो दुपारचा, संध्याकाळ मुंबईची. दादरला साबुदाणा वडा आणि पियुष, धोबीतलावच्या जुन्या इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा, चौपाटीवर भेळ. पाणी मात्र घरचे.

आणि शेवटचा नियम, जो मी जावईबापूंना चहाच्या टेबलावर सांगितला. तीन दिवसांपैकी एक संध्याकाळ आईची. तीनही मुले बापाच्या स्वाधीन, आणि आई मोकळी. जावईबापूंनी मान डोलावली, जरा घाबरूनच. त्या संध्याकाळी भाची आणि मी शिवाजी मंदिरात नाटकाला गेलो. येताना ती मरीन ड्राइव्हला जायचे म्हणाली. कठड्यावर आम्ही दोघी बसलो. दिव्यांची ती लांबलचक माळ समोर. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, काल आम्ही इथूनच गेलो होतो ना गं? मला काहीच दिसलं नव्हतं."

घरी आलो, तर जावईबापू गॅलरीत तीन झोपलेल्या मुलांच्या मध्ये अवघडून बसले होते. धाकट्याच्या हातात त्यांच्या सदऱ्याची बाही होती, म्हणून त्यांना हलता येत नव्हते. "हा रोजच एवढे प्रश्न विचारतो?" त्यांनी हळूच विचारले. भाचीने हसून बाही सोडवली.

यंदा मे महिन्यात ती सगळी पुन्हा येणार आहेत. जावईबापूंचा फोन आला होता. कान्हेरीची लेणी राहिली आहेत, विज्ञान केंद्र मुलांना परत पाहायचे आहे. मग थोडे थांबून म्हणाले, "आणि मावशी, ती आईची संध्याकाळ या वेळी पहिल्याच दिवशी ठेवू या." यादी ते आणणार नाहीत, असेही त्यांनी कबूल केले आहे.